व्यभिचार: कोणाचा, कशापासून?

व्यभिचार हा शब्द मराठीत चारचौघांत मोठ्याने म्हणायचा नसतो. वर्तमानपत्रात तो कोर्टाच्या बातमीत येतो, प्रवचनात कलियुगाच्या वर्णनात येतो, आणि दोन्हीकडे अर्थ एकच धरला जातो: लग्नाबाहेरचा शरीरसंबंध. त्यामुळे तर्कशास्त्राच्या वर्गात ‘धूर अग्नीला व्यभिचरत नाही’ असे वाक्य आले की मागच्या बाकांवर खसखस पिकते. हसणाऱ्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनी शब्द दुसऱ्या ठिकाणी ऐकलेलाच नसतो. वामन शिवराम आपट्यांनी १८९० साली पुण्यात काढलेल्या संस्कृत कोशात मात्र या शब्दाखाली पहिला अर्थ आहे ‘सरळ वाट सोडून जाणे’. नवरा-बायकोतल्या बेइमानीचा क्रमांक बराच खाली लागतो. त्याखाली नियमातला अपवाद, आणि शेवटी तर्कातला एक विशिष्ट दोष. मराठीने या उतरंडीतले एकच मडके उचलले आणि बाकीची पंडितांच्या माजघरात राहिली.

धातू ‘चर्’. चालणे, फिरणे, आणि गुरांच्या बाबतीत चरणे. आपल्या भाषेतले निम्मे सभ्य शब्द या एका धातूवर उभे आहेत: आचार, विचार, प्रचार, संचार, उपचार. असभ्यही आहेत. अभिचार म्हणजे जारणमारण. ‘अभि’ म्हणजे एखाद्याच्या रोखाने, आणि तो रोख इथे वाईट हेतूचा. अतिचार ज्योतिषात भेटतो, ग्रह नेहमीची चाल सोडून पुढे पळाला की. जैन आचारशास्त्रात व्रत मोडण्याच्या चार पायऱ्या सांगतात, अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार, अनाचार. म्हणजे पाऊल एकदम घसरत नाही, पायरीपायरीने उतरते. ‘वि’ आणि ‘अभि’ हे दोन्ही उपसर्ग ‘चर्’ला लागले की होतो व्यभिचार. मनुस्मृतीत पतीशी एकनिष्ठ राहणाऱ्या स्त्रीबद्दल बोलताना नुसते ‘अभिचरत नाही’ असेही क्रियापद वापरले आहे, ‘वि’ची मदत न घेता. याच धातूतून ‘सहचर’ आला, जो बरोबर चालतो तो.

ही सहचराची जोडी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. भरकटणे, भटकणे, बहकणे या क्रियांना एक माणूस पुरतो. व्यभिचाराला दोन लागतात, आणि मी कुणा परपुरुषाबद्दल किंवा परस्त्रीबद्दल बोलत नाही. जो सुटला तो आणि ज्याच्यापासून सुटला तो. शास्त्रकारांनी हा शब्द वापरताना ‘कोणाचा, कशापासून’ याचा हिशेब जवळजवळ कधी सोडला नाही.

सर्वांत काटेकोर हिशेब नैयायिकांचा. गौतमाच्या न्यायसूत्रांत हा शब्द अगदी सुरुवातीला, प्रत्यक्ष ज्ञानाच्या व्याख्येतच येतो: इंद्रिय आणि वस्तू यांच्या संयोगातून झालेले ज्ञान ‘अव्यभिचारी’ असले पाहिजे. भाष्यकार वात्स्यायनाने उदाहरण दिले आहे ते आपल्याकडच्या कुठल्याही माळरानावर चैत्र-वैशाखात तपासता येते. तापलेल्या जमिनीवर ऊन थरथरते आणि लांबून पाणी दिसते. डोळे शाबूत आहेत, समोर काहीतरी आहेही, पण ज्ञान निघाले पाण्याकडे आणि वस्तू राहिली ऊन. ज्ञानाने वस्तूची सोबत सोडली, म्हणून ते व्यभिचारी. इथे नीतीचा वासही नाही.

पुढे अनुमानात हा शब्द खरा कामाला लागतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्राचे घासून गुळगुळीत झालेले उदाहरण. ते चालते, कारण धूर अग्नीला सोडून कुठे आढळत नाही. पण वाक्य उलटे करा: डोंगरावर अग्नी आहे, म्हणून तिथे धूर असणार. हे फसते. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालभडक गोळा पाहा. नैयायिकांच्या मते त्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर हवा असेल तर अग्नीला ओल्या सरपणाची गाठ पडावी लागते, आणि ही जी मधली अट, तिला ते ‘उपाधी’ म्हणतात. म्हणजे धूर अग्नीशी एकनिष्ठ आहे, अग्नी धुराशी नाही. संबंध एकच, पण व्यभिचार एका दिशेने आहे आणि दुसऱ्या दिशेने नाही. संसारातल्या व्यभिचाराबद्दल बोलणाऱ्यांनी दिशेचा एवढा बारकावा कधी दाखवला असता तर पुष्कळ डोकेफोड वाचली असती.

वादात दिलेले कारण असे मोकाट सुटले की त्याला ‘सव्यभिचार’ म्हणतात. गौतमाच्या पाच हेत्वाभासांत त्याचा पहिला मान. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त त्याचे तीन प्रकार आहेत, त्यांतला ‘साधारण’ हा रोजच्या व्यवहारात सगळीकडे दिसतो. डोंगरावर अग्नी आहे, का तर डोंगर ही जाणता येण्याजोगी वस्तू आहे. बरोबर, पण तळेही जाणता येते आणि तिथे अग्नी नाही. कारण इतके सैल की ते कुणाच्याही घरात शिरते. दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत अर्धा तास बसले तर याचे नमुने वेचायला दुसरीकडे जावे लागत नाही. बाकीचे दोन प्रकार, ‘असाधारण’ आणि ‘अनुपसंहारी’, अभ्यासकांच्या उपयोगाचे; ते इथे सोडून देतो.

अन्नंभट्ट मूळचा आंध्राकडचा, सतराव्या शतकातला. आपल्याच ग्रंथावर त्याने ‘दीपिका’ नावाची टीका लिहिली आणि तिच्यात एक प्रश्न घेतला: दोन गोष्टी नेहमी बरोबर असतात हे ठरवायचे कसे? पुन्हा पुन्हा पाहून? तो म्हणतो, तेवढ्याने भागत नाही. पृथ्वीतत्त्वाच्या वस्तूंवर लोखंडाने ओरखडा उठतो हे शेकडो वेळा पाहिले, पण हिरा समोर आला की नियम मोडला. म्हणून बरोबर असणे दिसावे आणि सुटणे कुठे आढळू नये, अशी दुहेरी अट. सहचार दिसणे आणि व्यभिचार न दिसणे, दोन्ही शब्द ‘चर्’चेच, एक बरोबर चालण्याचा आणि एक वेगळे निघण्याचा. काळ्या हंसाची गोष्ट इंग्रजीतून आली आणि आपल्या अर्थतज्ज्ञांच्या तोंडी रुळली. हिऱ्याची घरचीच असून कुणाच्या ओळखीची नाही.

या वाटेवर सर्वांत खोल गेला तो चौदाव्या शतकातला मिथिलेचा गंगेश. धूर आणि अग्नी यांच्यातल्या अतूट संबंधाला व्याप्ती म्हणतात, आणि व्याप्ती म्हणजे ‘अव्यभिचरितत्व’ असे म्हणून मोकळे होण्याची सोय होती. ‘तत्त्वचिंतामणी’त गंगेशाने त्या एका शब्दाचे पाच वेगवेगळे अर्थ करून पाहिले आणि पाचही नापास केले. न सुटणे म्हणजे नेमके काय, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही एवढे तरी त्यातून ठरले. तो ‘व्याप्तिपंचक’ नावाचा छोटासा भाग पुढे नवद्वीपच्या पंडितांनी टीकांनी मढवून टाकला आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी तिथेच घासले गेले. आपल्याकडेही ही परंपरा परकी नव्हती. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांची ‘तर्कसंग्रहा’ची आवृत्ती १८९७ साली मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत निघाली. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारून भांडारकर संस्थेतर्फे १९२८ साली पुन्हा छापला. पुण्या-मुंबईच्या शास्त्र्यांना हा शब्द रोज लागत होता, आणि तो उच्चारताना त्यांची मान खाली जात नव्हती.

शास्त्रग्रंथांतला आणखी एक छोटा न्याय सांगायचा मोह आवरत नाही. विशेषण केव्हा सार्थ होते? ते संभवत असेल आणि त्याचा व्यभिचारही होत असेल तेव्हा. ‘थंड अग्नी’ संभवत नाही, म्हणून व्यर्थ. ‘गरम अग्नी’ही व्यर्थ, कारण अग्नी उष्णतेला कधी सोडत नाही. ‘निळे कमळ’ सार्थ, कारण कमळ निळे असू शकते आणि नसूही शकते. पिवळ्या पीतांबराला आपण हसतो, पण का हसतो याचे इतके नेमके स्पष्टीकरण मराठी शुद्धलेखनाच्या एकाही पुस्तकात माझ्या वाचनात आले नाही.

काव्यातही हा अर्थ सहज वावरतो. ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात बटूच्या वेषातला शंकर तप करणाऱ्या पार्वतीला म्हणतो की सौंदर्य पापाकडे नेत नाही ही म्हण तुझ्याकडे पाहून ‘अव्यभिचारी’ ठरली, म्हणजे खोटी पडली नाही. लग्नाच्या वाटेवर असलेल्या मुलीशी बोलताना कालिदासाला हा शब्द वापरायला संकोच वाटला नाही, आणि पार्वतीही त्या शब्दावर चिडली नाही. ती चिडली ती पुढे, शंकराची निंदा सुरू झाल्यावर.

नाट्यशास्त्रात तर या शब्दाने चक्क तोंड फिरवले आहे. भरताच्या रससूत्रात विभाव आणि अनुभाव यांच्या शेजारी बसतात व्यभिचारी भाव. संख्या ३३: निर्वेद, ग्लानी, शंका, असूया, मद, आलस्य, चिंता, स्मृती, व्रीडा, हर्ष, गर्व, विषाद, उन्माद, थेट मरणापर्यंत. रती, शोक, उत्साह असे आठ स्थायी भाव घर धरून असतात, आणि हे ३३ येतात-जातात. पण भरत याची व्युत्पत्ती सांगतो ती अशी: ‘वि’ म्हणजे विविध प्रकारे, ‘अभि’ म्हणजे समोर, रसाच्या दिशेने, जे नाना प्रकारे रसाकडे चालतात ते व्यभिचारी. तेच दोन उपसर्ग, तोच धातू, आणि दूर जाण्याऐवजी जवळ येणे. ते रसाला कसे नेतात, असा प्रश्न तो स्वतःच उभा करतो आणि म्हणतो, सूर्य दिवस आणतो तसे; सूर्य काही दिवसाला हातावर किंवा खांद्यावर घेऊन येत नाही, पण लोक असेच बोलतात. हे उत्तर तर्काच्या दृष्टीने फारसे काही सांगत नाही, तरी मला ते आवडते. दशरूपककार धनंजयाने पुढे समुद्र आणि लाटांची उपमा दिली: उसळतात आणि त्याच पाण्यात बुडतात.

व्युत्पत्ती म्हणून भरताचे म्हणणे ओढून आणलेले आहे, असे भाषाशास्त्री म्हणेल. असेल. पण विरहिणीच्या मनात क्षणभर असूया येते, मग चिंता, मग एखादी आठवण, आणि त्यातला एकही भाव टिकत नाही म्हणूनच रती गडद होते, हे नाटक पाहणाऱ्याला ठाऊक असते. रतीपासून सुटून जाणारे भावच रतीला पोसतात. सुटणे आणि रोखाने येणे हे दोन्ही अर्थ इथे एकाच वेळी खरे आहेत. मराठीत के. ना. वाटव्यांपासून रा. प. कंगल्यांपर्यंत रसचर्चा भरपूर झाली, पण वर्गात शिकवताना पुष्कळ जण ‘व्यभिचारी’ऐवजी ‘संचारी’ हा प्रतिशब्द पत्करतात. शास्त्राला तो मान्य आहे. सोय झाली, त्यात ‘अभि’ची दिशा मात्र हरवली, संचार कुठेही करता येतो.

भक्तीच्या प्रांतात हा शब्द नकार घेऊनच येतो. गीतेत तो तीन ठिकाणी आहे, तेराव्या, चौदाव्या आणि अठराव्या अध्यायांत, आणि तिन्ही वेळा ‘अव्यभिचारी’ किंवा त्याचेच रूप: भक्ती, सेवा, धृती. नेहमीचे टीकाकार याचा अर्थ ‘दुसऱ्या देवाकडे न वळणारी’ असा करून पुढे जातात. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरांनी चौदाव्या अध्यायावर जे सांगितले ते याच्या पार पलीकडचे आहे. त्यांच्या लेखी साखर बाजूला ठेवून गोडी शोधता येत नाही, आकळलेले हिम आणि हिमालय वेगळे काढता येत नाहीत, तसेच जग बाजूला सारून देवाला गाठायचे नाही. सगळ्यासकट तोच आहे असे जाणणे ही अव्यभिचारी भक्ती. आणि यात कुठेही भेद दिसला तर तोच व्यभिचार. म्हणजे दुसऱ्याकडे जाणे ही फार पुढची गोष्ट. ‘दुसरे’ आहे असे वाटले तिथेच वाट सुटली. नैयायिकाला दोन वस्तू लागत होत्या. ज्ञानेश्वरांनी दुसरी वस्तू मानणे यालाच दोष ठरवले, आणि मला तरी या शब्दाचा याहून धाडसी वापर कुठे दिसलेला नाही.

तुकोबांनी वेगळीच खेळी केली. त्यांच्या विराण्यांतली बाई घरधन्याला सोडून परपुरुषाशी रत झालेली आहे, आणि तो परपुरुष म्हणजे देव. लोकांनी वाळीत टाकले, शिंदळ म्हटले तरी ती मागे फिरायला तयार नाही. जनाबाईच्या अभंगातही पदर खांद्यावर घेऊन भर बाजारात निघालेली, स्वतःला देवाची वेसवा म्हणवणारी बाई आहे. पतिव्रतेचा दाखला संतांनी भक्तीसाठी हजारदा दिला, हे खरेच. पण इथे संसार हा नवरा आणि देव हा जार आहे. कोणापासून सुटायचे, याचे उत्तर बदलले की निंदेचा शब्द बिरुदासारखा मिरवता येतो.

आता स्मृतींकडे. तिथेही हा शब्द केवळ बाईच्या वाट्याला आलेला नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात वर्णांच्या व्यभिचारातून संकर होतो असे म्हटले आहे, आणि नवव्या अध्यायात स्त्री-पुरुषांच्या धर्माचे सार म्हणून मरेपर्यंत ‘एकमेकांचा’ अव्यभिचार सांगितला आहे. हे वाक्य परस्परांचे आहे. पण त्याच ग्रंथात इतरत्र व्यभिचारी स्त्री पुढच्या जन्मी कोल्ही होते, आणि कोल्हा होणाऱ्या नवऱ्याचा उल्लेख त्या ठिकाणी नाही. याज्ञवल्क्य तर तिचे अधिकार काढून, मळक्या वस्त्रांत, पोटापुरते अन्न देऊन, जमिनीवर झोपायला लावून घरात ठेवावी असे सांगतो. तात्त्विक वाक्यात दोघे, शिक्षेच्या कलमात एकटी बाई. पेशवाईच्या कागदांत याच गुन्ह्याला ‘शिंदळकी’ आणि ‘बदअमल’ असे रोखठोक शब्द भेटतात. पहिल्यात बाईच उभी आहे. अशा बायकांना सरकारात धरून कुणबिणी केल्याच्या नोंदी त्याच दप्तरात आहेत. पुरुषाच्या अशाच चालीला मराठीने दिलेला शब्द केवढा हवेशीर आणि ऐटबाज आहे पाहा: बाहेरख्याली! ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली ती सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून उठलेल्या गदारोळाने संतापून, आणि त्यांचा सारा सवाल याच दुहेरी मापाबद्दलचा होता.

इंग्रजी कायद्याने माप उलटे धरले. मेकॉलेने १८३७ साली तयार केलेल्या मसुद्यात हा गुन्हाच नव्हता. १८६० च्या दंडसंहितेत तो कलम ४९७ म्हणून आला. शिक्षा पाच वर्षांपर्यंत आणि फक्त पुरुषाला. बाई सुटली, म्हणून काहींनी हा कायदा स्त्रीधार्जिणा मानला. प्रत्यक्षात कलमात तक्रार होती ती नवऱ्याची. त्याची संमती असेल तर गुन्हा नाही. विवाहित पुरुषाने अविवाहित बाईशी संबंध ठेवला तरी नाही, मग त्याच्या बायकोला काहीही वाटो. बायको कोणापासून सुटली एवढाच हिशेब, आणि तोही तिला वस्तू धरून. मुंबई राज्याविरुद्धच्या युसुफ अब्दुल अझीझ खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम राखले. १९८५ साली न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी ते पुन्हा राखले. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जोसेफ शाइन खटल्यात पाच न्यायाधीशांनी ते रद्द केले, आणि त्या पाचांत धनंजय चंद्रचूड होते. बापाचा निकाल मुलाने फिरवला, अशा मथळ्याची संधी कुणी सोडली नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात संसदेच्या समितीने हा गुन्हा स्त्री-पुरुष दोघांना सारखा लागू करून परत आणावा असे सुचवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो आला नाही. घटस्फोटाचे कारण म्हणून मात्र तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आजही आहे, नवरा आणि बायको दोघांच्या हाती.

त्या कायद्यानंतर वर्षभराने, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना दिलेल्या २२ प्रतिज्ञांत चोरी, खोटे बोलणे आणि दारू यांच्याबरोबर व्यभिचार न करण्याची प्रतिज्ञा आहे. तिच्यामागे पंचशीलातले तिसरे शील आहे, आणि तिथला पाली शब्द ‘मिच्छाचार’, पुन्हा चर् धातूचाच, फक्त उपसर्गांचा साज निराळा. लाखोंच्या समुदायात बायकांनी आणि पुरुषांनी एकाच वेळी हा शब्द ‘मी’ या कर्त्याबरोबर उच्चारला. स्मृतिकाराने तो तिच्याबद्दल म्हटला होता, दंडसंहितेने त्याच्याबद्दल.

अलीकडे संपादकीयांत ‘वैचारिक व्यभिचार’ असा एक प्रयोग सर्रास सापडतो. पक्ष बदलणाऱ्याला, भूमिका फिरवणाऱ्याला तो लावतात. लिहिणाऱ्याला वाटते आपण लैंगिक शब्द रूपकाने वापरला. त्याच्या हातून नकळत आपट्यांच्या कोशातला पहिला अर्थ परत आलेला असतो. तेवढ्यावर मी खूश होतो, पण पुढे वाचत गेल्यावर तो विचार कोणत्या विचारापासून सुटला हे बहुतेक अग्रलेखांत सांगितलेले नसते.